विश्लेषण : सर्व्हरची नोंदवही गिचमिड का होते? ‘लॉग फाइल’मधला गोंधळ ओळखायचा कसा, थांबवायचा कसा?

खात्यातून पैसे गेले, पण तिकीट आलंच नाही. मग आपण स्क्रीनशॉट काढतो, कंपनीला टॅग करून पोस्ट टाकतो आणि थोड्या वेळाने उत्तर येतं, ‘तुमची तक्रार तांत्रिक विभागाकडे पाठवली आहे.’ हा तांत्रिक विभाग सगळ्यात आधी एक फाइल उघडतो. तिला म्हणतात लॉग फाइल. तुम्ही बटण दाबलं त्या क्षणी सर्व्हरवर नेमकं काय घडलं, याचा अनेकदा एकमेव साक्षीदार म्हणजे ही फाइल.

आता समजा, त्या फाइलमध्ये अशा दोन ओळी सापडल्या :

१०:४२:०७ ऑर्डर ७१३ : पेमेंट १०:४२:०७ ऑर्डर ७१४ : पेमेंट नाकारलं
यशस्वी

आता सांगा, पैसे कोणाचे जमा झाले, ७१३चे की ७१४चे? अंदाज बांधता येईल. पण कोणाचे पैसे परत करायचे, हे अंदाजाने ठरवून चालत नाही. साक्षीदार हजर आहे, पण तो दोघांची गोष्ट एकाच वाक्यात सांगतोय.

ही अडचण दिसते त्यापेक्षा बरीच जास्त वेळा येते. ती कशामुळे येते, कशी शोधतात आणि त्यावर उपाय काय, हे समजून घेऊ. त्यासाठी प्रोग्रामिंग यायची गरज नाही.

लॉग म्हणजे काय?

लॉग म्हणजे मूळ इंग्रजीत लाकडाचा ओंडका. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचे आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या, ते मोजायचे. ती नोंद ज्या वहीत व्हायची, ती झाली लॉगबुक. समुद्रातला वेग आजही ‘नॉट’मध्ये म्हणजे गाठींमध्येच सांगतात. संगणकाने हा शब्द तिथूनच उचलला.

सर्व्हरच्या लॉगमध्ये साधारणपणे एका घटनेची एक ओळ असते : वेळ, कोणी काय मागितलं, काय उत्तर दिलं, चूक झाली असेल तर कोणती. एखाद्या मोठ्या वेबसाइटवर अशा ओळी सेकंदाला हजारोंनी पडतात. सगळं सुरळीत असेल तेव्हा कोणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बिघडलं की मात्र पहिली धाव तिकडेच असते.

एक वही आणि अनेक लिहिणारे

लग्नाच्या मांडवातली आहेराची वही आठवा. एक जण वही घेऊन बसतो, पाहुणा येतो, नाव आणि रक्कम लिहिली जाते. पाहुणे तुरळक असतील तर काम बिनघोर चालतं. पण अक्षता पडल्या आणि एकदम शंभर माणसं आली तर? मदतीला आणखी तिघांना बसवलं, पण वही एकच ठेवली. चौघांचे चार पेन एकाच पानावर. एकाने ‘देशमुख काका’ लिहिलं, रक्कम लिहिणार इतक्यात दुसऱ्याने त्याच ओळीत ‘जोशी मावशी ५०१’ लिहून टाकलं. दोन वर्षांनी देशमुखांच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची आणि डोक्याला हात लावून बसायचं.

वेब ॲप्लिकेशनचं अगदी असंच होतं. एका वेळी एकाच ग्राहकाचं काम करणारा सर्व्हर आज कोणालाच परवडत नाही. म्हणून एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रती एकदम चालवतात. प्रत्येक प्रतीला ‘प्रोसेस’ म्हणतात. एका प्रोसेसच्या आत पुन्हा अनेक कामं समांतर चालू शकतात, त्यांना ‘थ्रेड’ म्हणतात. पायथॉनच्या वेबसाइट चालवणाऱ्या ‘गुनिकॉर्न’ या प्रसिद्ध सर्व्हरच्या मार्गदर्शनात सुरुवातीसाठी एक सोपं सूत्र दिलं आहे : प्रोसेसरचे जेवढे कोअर, त्याच्या दुप्पट अधिक एक. म्हणजे ४ कोअरच्या मशीनवर ९ कामगार. आणि या नऊ जणांना जर कोणी एकच लॉग फाइल दिली, तर ती झाली आपली आहेराची वही.

थ्रेड आणि प्रोसेस यांतला फरक इथे लक्षात ठेवायला हवा. थ्रेड एकाच घरातली माणसं आहेत, ‘आधी माझं लिहून होऊ दे’ असं एकमेकांना सांगू शकतात. या व्यवस्थेला ‘लॉक’ म्हणजे कुलूप म्हणतात. प्रोसेस मात्र वेगवेगळ्या घरांत राहतात. एका घरातलं कुलूप शेजारच्या घराला दिसत नाही. पायथॉनची स्वतःची लॉगिंग व्यवस्था थ्रेडच्या बाबतीत सुरक्षित आहे, पण अनेक प्रोसेसनी एकाच फाइलमध्ये लिहिणं तिला मान्य नाही, असं पायथॉनच्या अधिकृत माहितीतच स्पष्ट लिहिलेलं आहे. अनेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो. विकसकाच्या लॅपटॉपवर एकच प्रोसेस चालते, सगळं नीट दिसतं. खऱ्या सर्व्हरवर नऊ चालतात आणि वही बिघडते.

गिचमिड एकाच प्रकारची नसते

‘लॉग खराब झालाय’ एवढ्यावर निदान होत नाही. डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगण्यासारखं आहे ते. लक्षणं वेगळी असतात आणि त्यांची कारणंही वेगळी.

१. ओळीत ओळ घुसणं

वरच्या उदाहरणात झालं ते हेच. याचं मूळ बहुतेक वेळा असं असतं की, प्रोग्रामर ज्याला ‘एक ओळ लिहिणं’ समजतो, ते संगणकासाठी दोन किंवा जास्त तुकड्यांचं काम असतं. पायथॉनमधली सगळ्यांची लाडकी ‘प्रिंट’ ही आज्ञा आधी मजकूर लिहिते आणि मग ओळ संपल्याची खूण वेगळी लिहिते. या दोन कृतींच्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड घुसला, की दोन ओळी एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्यानंतर एक रिकामी ओळ पडते. चिकटलेल्या ओळी आणि खाली रिकामी जागा दिसली, तर संशय आधी ‘प्रिंट’वर घ्यावा.

२. ओळ मधेच तुटणं

एखादी ओळ अर्ध्यावर संपते, मध्ये दुसऱ्याच प्रोसेसच्या पन्नास ओळी येतात आणि मग उरलेलं अर्धं शेपूट सापडतं. इथे दोषी असतो ‘बफर’. डिस्कवर लिहिणं हे तुलनेने संथ काम आहे. म्हणून प्रोग्राम प्रत्येक ओळ लगेच लिहीत नाही, आधी एका साठ्यात जमवतो आणि साठा भरला की एकदम ओततो. हा साठा अनेकदा ४०९६ किंवा ८१९२ बाइटचा असतो. तो भरतो तेव्हा ओळ पूर्ण झाली आहे की नाही, हे तो बघत नाही. बादली भरली की ओतायची, एवढंच त्याला कळतं.

यात एक गंमत आहे. प्रोग्राम टर्मिनलवर म्हणजे समोरच्या काळ्या खिडकीत लिहीत असेल, तर बहुतेक वेळा ओळ संपताच मजकूर पुढे जातो. तोच मजकूर फाइलमध्ये वळवला की बफर भरेपर्यंत थांबतो. म्हणून ‘माझ्या स्क्रीनवर तर बरोबर दिसत होतं’ ही विकसकाची तक्रार खरीच असते.

३. ओळी गायब होणं

हा प्रकार सगळ्यात धोकादायक, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. फाइल स्वच्छ वाटते, पण काही घटनांची नोंदच नसते. याची दोन मुख्य कारणं.

पहिलं, फाइल उघडण्याची पद्धत. लिनक्स आणि युनिक्समध्ये फाइल ‘अपेंड’ पद्धतीने उघडली, तर प्रत्येक वेळी लिहिण्याआधी फाइलचं त्या क्षणाचं शेवटचं टोक शोधलं जातं. तसं केलं नाही, तर प्रत्येक प्रोसेस ‘मी मागच्या वेळी कुठे थांबलो होतो’ एवढंच लक्षात ठेवते आणि तिथून पुढे लिहिते. दरम्यान दुसऱ्याने तिथे काही लिहिलं असेल, तर ते पुसलं जातं.

दुसरं कारण म्हणजे वही बदलणं. लॉग फाइल अमर्याद वाढू नये म्हणून रोज रात्री किंवा ठरावीक आकार झाला की जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करतात. याला ‘रोटेशन’ म्हणतात. नऊ प्रोसेसपैकी प्रत्येकीला वाटलं की वही आपणच बदलायची, तर एक जण नवी वही उघडतो, तिच्यात चार ओळी पडतात न पडतात तोच दुसरा तिलाच जुनी समजून बाजूला सारतो. काही जण तर बाजूला ठेवलेल्या वहीतच इमानेइतबारे लिहीत बसतात. बरोबर मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदी गायब असतील, तर हे कारण जवळपास नक्की समजा.

४. त्याच ओळी दोनदा येणं

एकेक ओळ लागोपाठ दोनदा येत असेल, तर बहुधा लॉग लिहिणारा घटक प्रोग्राममध्ये दोनदा जोडला गेलेला असतो. हा समांतरपणाचा दोष नाही, साधी मांडणीची चूक आहे. पण ओळींचा अख्खा गठ्ठाच पुन्हा आला असेल, तर कारण वेगळं. युनिक्समध्ये नवी प्रोसेस ही जुनीची हुबेहूब नक्कल करून जन्माला येते. त्या क्षणी जुनीच्या बफरमध्ये न लिहिलेला मजकूर असेल, तर त्याचीही नक्कल होते. मग आई आणि मूल दोघंही तोच मजकूर फाइलमध्ये ओततात. हिशेब करणाऱ्याला वाटतं, व्यवहार दोनदा झाला.

५. फाइलमध्ये अचानक पोकळी

फाइलच्या सुरुवातीला विचित्र चिन्हांची रांग दिसते, आणि ‘ग्रेप’ या शोधसाधनाने काही शोधायला जावं तर ते ‘ही तर बायनरी फाइल आहे’ असं म्हणून हात वर करतं. ती चिन्हं म्हणजे शून्य बाइट. लिनक्सवरच्या ‘लॉगरोटेट’ या साधनात ‘कॉपीट्रंकेट’ नावाची एक सोय आहे. ती फाइलची प्रत काढते आणि मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करते. आता लिहिणारी प्रोसेस अपेंड पद्धतीत नसेल, तर तिला हे कळतच नाही. ती आपल्या जुन्या जागेवरून, समजा ५० कोटी बाइटच्या पुढे, लिहायला लागते. मधली सगळी जागा शून्यांनी भरल्यासारखी दिसते. फाइलचा आकार प्रचंड दिसतो, पण डिस्कवर तिने व्यापलेली जागा अगदी थोडी असते. या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली की निदान झालं. शिवाय प्रत काढणं आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी कायमच्या जातात, त्या वेगळ्याच.

६. मराठी अक्षरांचा चुराडा

हा त्रास आपल्याला जास्त भोगावा लागतो. यूटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र ३. ‘पुणे’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण संगणकासाठी त्यात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे १२ बाइट. बफर भरताना किंवा ओळ कापताना सुरी या तीन बाइटच्या मधोमध पडली, तर त्या चिन्हाऐवजी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. इंग्रजी मजकुरात ओळ कापली तरी उरलेली अक्षरं शाबूत राहतात. देवनागरीत मात्र कापलेल्या जागेचं चिन्हच मोडू शकतं.

पण सगळी बिघडलेली मराठी याच कारणाने बिघडत नाही. सगळीकडेच, अगदी नियमितपणे अगम्य रोमन अक्षरं दिसत असतील, तर फाइल ठीक आहे, ती चुकीच्या पद्धतीने वाचली जातेय. आणि मराठीच्या जागी बॅकस्लॅश, ‘यू’ आणि चार आकडे-अक्षरं अशी रांग दिसत असेल, तर काहीच बिघडलेलं नाही. जेसन या स्वरूपात लिहिताना काही साधनं इंग्रजी सोडून बाकी सगळं असंच लिहितात. नियमित बिघाड म्हणजे वाचण्याची पद्धत चुकली आणि अधूनमधून बिघाड म्हणजे लिहिताना टक्कर झाली, हा ठोकताळा बराच कामाला येतो.

शोध कसा घ्यायचा?

अनुभवी मंडळी साधारण या क्रमाने जातात.

आधी मूळ फाइल जपा. तिची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. एखाद्या एडिटरमध्ये मूळ फाइल उघडून चुकून सेव्ह केली, तर विचित्र बाइट बदलू शकतात आणि पुरावाच जातो.

लिहिणारे किती आहेत, ते मोजा. एखादी फाइल या घडीला कोणकोणत्या प्रोसेसनी उघडून ठेवली आहे, हे लिनक्समध्ये ‘एलएसओएफ’ या आज्ञेने कळतं. ‘एकच असेल’ असं वाटत असताना तिथे नऊ नावं दिसली, की अर्धं कोडं सुटतं. कधी कधी दहावं नावही दिसतं : रात्री चालणारी एखादी विसरलेली स्क्रिप्ट.

लिहिणारे कमी करून बघा. चाचणीच्या सर्व्हरवर एकच प्रोसेस आणि एकच थ्रेड ठेवा. तरीही गिचमिड होत असेल, तर दोष समांतरपणाचा नाहीच. मग एक प्रोसेस, अनेक थ्रेड. मग अनेक प्रोसेस. ज्या पायरीवर गोंधळ सुरू होतो, तिथेच कारण असतं.

मोजता येईल अशी चाचणी घ्या. प्रत्येक लिहिणाऱ्याला स्वतःचा क्रमांक आणि १ ते १०,००० असे अनुक्रमांक लिहायला सांगा. नंतर फाइल मोजा. नऊ लिहिणारे असतील तर बरोबर ९०,००० ओळी हव्यात. कमी असतील तर ओळी गायब होताहेत, जास्त असतील तर दोनदा येताहेत किंवा तुटताहेत. संख्या बरोबर पण ओळींची रचना मोडलेली असेल, तर ओळी एकमेकींत घुसताहेत. आहेराच्या वहीत हेच करायचं असतं, तर पाकिटांवर आधीच नंबर टाकले असते.

वेळ आणि जागा तपासा. गोंधळ रोज ठरावीक वेळी होतो का? मग रोटेशन बघा. फक्त लांब ओळीच तुटतात का? मग बफर किंवा लांबीची मर्यादा बघा. डॉकरची नेहमीची लॉग व्यवस्था १६ किलोबाइटपेक्षा लांब ओळीचे तुकडे करते, तोही बिघाड वाटू शकतो. फाइल नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर आहे का? ‘एनएफएस’ या जुन्या आणि लोकप्रिय पद्धतीत अपेंडची हमी मिळत नाही. लिनक्सच्या माहितीपुस्तिकेतच तसा इशारा आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘४०९६ बाइटपर्यंत लिहिलं तर ओळ कधीच तुटत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. लिनक्सवर ही हमी ‘पाइप’साठी आहे, म्हणजे एका प्रोग्रामचा मजकूर थेट दुसऱ्याला देणाऱ्या नळीसाठी. साध्या फाइलचा तो नियम नाही.

मग उपाय काय?

पहिला उपाय : एक ओळ, एक कृती. पूर्ण ओळ, शेवटच्या खुणेसकट, आधी तयार करा आणि एकाच झटक्यात लिहा, तीही अपेंड पद्धतीने. एकाच मशीनवरच्या नेहमीच्या डिस्कवर एवढ्याने बहुतेक त्रास संपतो. ‘प्रिंट’ सोडून भाषेची अधिकृत लॉगिंग व्यवस्था वापरणं हाही याचाच भाग.

दुसरा उपाय : चिठ्ठ्या द्या, वही एकाकडेच ठेवा. मांडवात चौघांनी चिठ्ठ्यांवर लिहायचं आणि वही एकाच्याच हाती द्यायची. सर्व्हरमध्ये याला ‘क्यू’ म्हणजे रांग म्हणतात. सगळ्या प्रोसेस आपापली ओळ रांगेत टाकतात, एकच जण ती फाइलमध्ये उतरवतो. पायथॉनमध्ये याची तयार सोय आहे. युनिक्समधली ‘सिसलॉग’ ही व्यवस्था याच तत्त्वावर चालते. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात ‘सेंडमेल’ या ईमेल प्रणालीसाठी ती तयार केली आणि ती आजही वापरात आहे. धोका एकच : रांग भरून वाहिली किंवा लिहिणारा कोसळला, तर चिठ्ठ्यांचं काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवायला हवं.

तिसरा उपाय : ज्याची त्याची वही. प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र फाइल द्या, नंतर वेळेनुसार एकत्र करा. टक्कर होण्याचा प्रश्नच उरत नाही. फायली मात्र खूप होतात.

चौथा उपाय : वहीच ठेवू नका. ॲप्लिकेशनने फाइलच्या भानगडीत न पडता नोंदी नुसत्या बाहेर सोडाव्यात, गोळा करणं आणि साठवणं दुसऱ्या साधनाने बघावं. हेरोकू कंपनीतल्या अभियंत्यांनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या तत्त्वांमध्ये हा सल्ला आहे आणि कंटेनरच्या जगात तो रुळला आहे.

कुलूप लावूनही काम होतं, पण नऊ जण एका किल्लीसाठी ताटकळत बसले तर वेबसाइट मंदावते. आणि रोटेशनसाठी कोणताही उपाय निवडा, वही बदलण्याचं काम एकाकडेच द्या आणि बाकीच्यांना ‘नवी फाइल उघडा’ असा निरोप मिळू द्या. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला असा निरोप एका सिग्नलने देता येतो.

ओळी शाबूत, तरी गोष्ट कळत नाही?

एकही ओळ तुटली नाही, तरी लॉग वाचताना गोंधळ होतोच. कारण शंभर ग्राहकांच्या ओळी एकमेकांत मिसळलेल्या असतात. ‘पेमेंट सुरू’, ‘पेमेंट सुरू’, ‘नाकारलं’, ‘यशस्वी’. प्रत्येक ओळ खरी आहे, पण कोणाची?

यावरचा इलाज म्हणजे प्रत्येक विनंतीला दारातच एक ओळख क्रमांक देणं आणि तो तिच्या प्रत्येक ओळीत लिहिणं. बँकेतल्या टोकनसारखं. मग त्या क्रमांकाने शोधलं की एका ग्राहकाची पूर्ण गोष्ट सलग मिळते. हा क्रमांक एका सेवेकडून दुसरीकडेही सोबत जायला हवा. मात्र एकच थ्रेड आळीपाळीने अनेक ग्राहकांचं काम करत असेल, तर एकाचं टोकन दुसऱ्याच्या ओळीवर छापलं जाण्याचा धोका असतो. असा लॉग गिचमिड नसतो, तो सरळ खोटं बोलतो. म्हणून अशा कामासाठी भाषांनी वेगळ्या सोयी दिल्या आहेत, त्याच वापरायला हव्यात.

वेळेवरही आंधळा विश्वास नको. दोन मशीनची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. फक्त घड्याळाकडे बघून ‘आधी काय, नंतर काय’ ठरवता येत नाही, यावर संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८मध्ये लिहिलेला शोधनिबंध आजही पायाभूत मानला जातो. शिवाय अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. ती आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. १५ तारखेला पहाटे दोन वाजता झालेला व्यवहार तिथे १४ तारखेच्या २०:३०ला सापडतो. तारीख चुकली म्हणून ‘असा व्यवहार झालाच नाही’ असं उत्तर देणं किती सोपं आहे, बघा.

मुद्दाम केलेली गिचमिड

कधी कधी गोंधळ अपघाताने होत नाही. समजा एखाद्याने नावाच्या रकान्यात नाव लिहून पुढे ‘नवी ओळ’ ही खूण आणि त्यानंतर ‘ऑर्डर ७१४ : पेमेंट यशस्वी’ असा मजकूर घातला. सर्व्हरने ते जसंच्या तसं लॉगमध्ये उतरवलं, तर एक संपूर्ण खोटी नोंद तयार होते. याला ‘लॉग इंजेक्शन’ म्हणतात. बाहेरून आलेल्या मजकुरातल्या अशा खुणा निष्प्रभ करूनच तो नोंदवायला हवा.

उलट बाजूही आहे : लॉगमध्ये नको ते लिहिलं जाणं. मे २०१८मध्ये ट्विटरने जाहीर केलं की एका दोषामुळे पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये उघड स्वरूपात साठले होते. गैरवापराची खूण आढळली नसली, तरी सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करायला सांगण्यात आलं.

भारतात लॉग नीट ठेवणं ही आता निव्वळ तांत्रिक शिस्त राहिलेली नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार आणि कंपन्यांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. पण १८० दिवस जपलेली फाइल वाचताच आली नाही, तर ती जपून काय उपयोग?

आपण काय करू शकतो?

सर्व्हरवरची वही आपल्या हातात नाही, पण तिच्यातली आपली ओळ सापडणं सोपं करणं आपल्या हातात आहे. व्यवहार फसला तर ‘काल संध्याकाळी’ असं लिहू नका, तारीख आणि वेळ मिनिटासकट लिहा. यूपीआय ॲपमध्ये दिसणारा १२ आकडी व्यवहार संदर्भ क्रमांक आणि ऑर्डर क्रमांक तक्रारीत द्या. मात्र हे सगळं अधिकृत तक्रार खिडकीत, सार्वजनिक पोस्टमध्ये नाही. अशा पोस्टवर बनावट ‘कस्टमर केअर’ टपलेलेच असतात.

आणि नियमही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, यूपीआयवरून व्यक्तीला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण पोहोचले नाहीत, तर ते पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यानंतर दर दिवसाच्या उशिराला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. ‘आमच्या लॉगमध्ये नीट दिसत नाही’ हे कारण या मुदतीला लागू होत नाही. वही नीट ठेवण्याची जबाबदारी तिच्या मालकाची आहे, ग्राहकाची नाही.